उलटा शुक्रवार

"सबिनाबाई, तोंडावर बोट."

हे मला सांगणारी मुलगी सातवीतली होती. नाव आल्विना. माझ्याच हाताखालून तिसरी पास होऊन गेलेली. ती फळ्यापाशी उभी, आणि एकोणीस वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळणारी मी, सबिना रुमाव, शेवटच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलेली. वजाबाकीत ती हातचा घ्यायला विसरली म्हणून मी बसल्या जागेवरून "अगं, दशकातून घे" म्हटलं, एवढाच माझा गुन्हा.

माझ्या शेजारी आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर बेनिग्ना बसल्या होत्या. त्यांनी तर मला सांगायच्या आधीच स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलं होतं.

"सिस्टर, ती चुकतेय," मी बोटाआडून पुटपुटले.

"चुकू द्या की. कोण पकडतंय बघू."

पकडलं. माझ्याच वर्गातली एक शेंबडी उठली आणि म्हणाली, "ताई, लोंगरात बावन्न केळी होती, अठरा विकली, मग तुझी चव्वेचाळीस कशी उरली? वाढली का?" सगळा वर्ग खदखदून हसला, आल्विनाही हसली, आणि फळा पुसून तिने पुन्हा मांडलं. सिस्टरांनी मला कोपराने ढोसलं. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या माझ्या.

ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या शालेय वर्षातली. वसईच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या आमच्या गावात चर्चची मराठी शाळा होती, पहिली ते सातवी. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांतली मुलं यायची. मुख्याध्यापिका नेहमी मठातल्या सिस्टर असत, शाळेचे मॅनेजर म्हणजे चर्चचे मुख्य धर्मगुरू फादर पास्कोल, आणि शिकवायला आम्ही गावातल्याच बाया. सिस्टर बेनिग्ना त्या जूनमध्ये आल्या. नगरकडच्या. वय पस्तिशीचं, अंगाने काडी, पायात कॅनव्हासचे बूट. आल्या आल्या त्यांनी कपाटातल्या छड्या माळ्याला देऊन टाकल्या, वेलींना आधार म्हणून. मग हे शुक्रवारचं खूळ काढलं. दर शुक्रवारी शेवटचे दोन तास मोठ्या वर्गातली मुलं लहान वर्गांना शिकवणार आणि बाई बाकावर बसणार. बाईंनी मध्ये बोलायचं नाही, पाणी प्यायचं तर हात वर करून विचारायचं, आणि तास संपला की आपल्याला काय कळलं ते वहीत लिहून मुख्याध्यापिकांना दाखवायचं. मुलांनी त्याला नाव ठेवलं उलटा शुक्रवार.

मला ते मुळीच पसंत नव्हतं. मी कडक बाई होते आणि त्याचा मला अभिमान होता. तिसरीचा वर्ग आमच्याकडे साधा वर्ग नसे. त्याच वर्षी मुलांचं पहिलं कम्युनियन असतं. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी मुलं पहिल्यांदा ख्रिस्तशरीर घेतात. मुली पांढरा झगा आणि डोक्यावर वेल, म्हणजे जाळीची ओढणी, घालून, मुलं पांढरा शर्ट घालून, हातात मेणबत्ती. घराघरांत पाहुणे, जेवणं, फोटो. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, फादर पास्कोल एकेका मुलाला समोर उभं करून सगळ्या प्रार्थना तोंडी म्हणून घेत आणि संध्याकाळी मुलांचं पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, होई. मुलांना या सगळ्यासाठी तयार करायचं काम माझं. एकोणीस वर्षांत माझ्या हाताखालचं फक्त एक मूल फादरांच्या परीक्षेत अडलं होतं. ते मात्र दोनदा अडलं.

जसिंता फरगोज. आठव्या वर्षी, तिसरीत असताना, फादरांपुढे उभी राहिली आणि तोंडच उघडेना. फादरांनी विचारलं, दटावलं, चॉकलेटसुद्धा दाखवलं. दगड. पुढच्या वर्षी चौथीत असताना पुन्हा माझ्या तिसरीच्या मुलांत धर्मशिक्षणाला बसली, पुन्हा दगड. शाळेतही कुणाशी बोलत नसे. पेपर मात्र सुरेख लिहायची. आता पाचवीत होती, अकरावं लागलं होतं, आणि तिची धाकटी बहीण मेबल तिसरीत आली होती. म्हणजे यंदाही जसिंता अडली, तर धाकटी पुढे जाणार आणि थोरली बाकावर बसून बघणार. सगळ्या गावासमोर.

कम्युनियनच्या आठवड्यातल्या सोमवारी त्यांची आई जुस्तीना शाळेत आली. जुस्तीना माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. नवरा बोटीवर, वर्षातून दोन महिने घरी. एकेकाळी रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर माझ्याशी गप्पा मारत उभी राहायची. मग का कोण जाणे, सकाळी सहाच्या मिस्साला जाऊ लागली आणि मी समोर दिसले की तोंड फिरवू लागली. मला वाटायचं, नवऱ्याच्या पगाराची घमेंड चढली.

त्या दिवशीही ती माझ्याकडे न बघता टेबलाशी बोलली.

"एकच झगा शिवलेला आहे. दोन वर्षांपूर्वी जसिंतासाठी शिवला होता. आता तिला तो येत नाही. मेबलला बरोब्बर बसतो. दुसरा शिवू का नको, तेवढं सांगा."

"ते माझ्या हातात आहे का, जुस्तीना? ती तोंड उघडेल तर ना!"

"घरी बोलते ती. भरपूर बोलते. सगळ्या प्रार्थना म्हणते. मेबलला तिनंच शिकवल्या."

"मग इथे काय दातखिळी बसते?"

जुस्तीनाने त्या वेळी मान वर करून माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होती. मग पदर खांद्यावर ओढून म्हणाली, "तुम्हालाच विचारते ना मी," आणि निघून गेली. उद्धट कुठली, मी मनात म्हटलं.

हे सगळं सिस्टर बेनिग्ना दारातून ऐकत होत्या. दुपारी त्या माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसल्या. मुख्याध्यापिकांच्या खोलीत बोलावून घेणं त्यांना माहीतच नव्हतं. आधीच्या सिस्टरांपुढे आम्ही उभ्या राहायचो. या स्वतःच येऊन टेकायच्या आणि आमच्या डब्यातली चटणी चाखायच्या.

"ती पोरगी कधीपासून बोलत नाही?"

"तिसरीपासून. त्याआधी चांगली बडबडी होती."

"तिसरीत काय झालं?"

"काय व्हायचंय? काही नाही झालं."

"कुणी मारलं? कुणी चिडवलं?"

"सिस्टर, माझ्या वर्गात कुणी कुणाला चिडवत नाही."

त्यांनी मान हलवली, पण ऐकून घेतल्यावर हलवतात तशी. पटल्यावर हलवतात तशी नाही. मग म्हणाल्या, "मी फादरांना विचारलं, तिच्याकडून प्रार्थना लिहून घ्या. ते म्हणाले, देवापुढं काय अर्ज करायचाय? तोंडानंच म्हटल्या पाहिजेत."

"बरोबरच आहे त्यांचं."

"असंल. या शुक्रवारी तुमच्या तिसरीला कन्फेशनचा शेवटचा सराव द्यायचा आहे ना? तो जसिंता देईल."

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. "जी बोलत नाही ती शिकवणार? आणि तेही कन्फेशन? शनिवारी फादर माझा गळा धरतील, सिस्टर. चाळीस मुलं आहेत माझी."

"बाई, ज्याला जमत नाही त्यालाच मी शिकवायला लावते. कुठं अडतंय ते त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं."

"आणि नाही बोलली तर?"

"तर चाळीस पोरांचा एक तास वाया जाईल. तिची दोन वर्षं गेलीत."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. त्याच संध्याकाळी मी फादर पास्कोलांकडे गेले आणि सगळं सांगितलं. छड्यांपासून शुक्रवारापर्यंत. फादर व्हरांड्यात खुर्ची टाकून पाय शेकत बसले होते. मोठा माणूस, मोठा आवाज. ऐकून म्हणाले, "सबिना, शनिवारी मी बघतोच. मुलं तयार नसतील तर त्या सिस्टरांबद्दल चिठ्ठी मी स्वतः त्यांच्या मदर सुपिरियरकडे पाठवतो. आणि त्या मुलीला यंदा शेवटची संधी. नाही बोलली तर पुढे मोठी झाल्यावर बघू. दर वर्षी तमाशा नको."

मी समाधानाने घरी आले. खोटं कशाला सांगू? छान झोप लागली मला त्या रात्री.

शुक्रवारी मी वर्गात शिरले तर वर्ग माझा राहिलाच नव्हता. सरावासाठी मी नेहमी फळ्याचा स्टँड आडवा लावायची, त्याच्यामागे खुर्ची टाकून आपण फादर होऊन बसायची, आणि मुलं रांगेने येऊन पलीकडे गुडघे टेकायची. स्टँडवर मी जुनी जाळीची पेटीही बांधायची, कन्फेशनच्या खिडकीसारखी. आज स्टँड तोच, पेटी तीच, पण सगळं वर्गाच्या पार टोकाला, खिडकीशी नेलं होतं. आणि तिथून दहा पावलं अलीकडे जमिनीवर खडूची एक जाड रेघ मारलेली. बाक रेघेच्या अलीकडे. एक मुलगा दारात राखणीला उभा.

जसिंता रेघेवर उभी होती. लांबट तोंडाची, मनगटं फ्रॉकच्या बाह्यांतून बाहेर आलेली. हातात चिठ्ठ्यांनी भरलेला पत्र्याचा डबा. मी शेवटच्या बाकावर बसले. सिस्टर माझ्या शेजारी. माझ्या मनात एकच, आता ही तोंड कशी उघडते ते बघू.

तिने डबा मेबलच्या हातात दिला. मेबलने प्रत्येकाला एक-एक चिठ्ठी वाटली. मुलं उघडून बघू लागली आणि हसायला सुटली. माझ्या पुढच्या मुलाच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मी मांजराला पावडर लावली.' त्याच्या शेजारणीच्या, 'मी बिस्किटं खाल्ली आणि उंदराचं नाव सांगितलं.' सगळी अशीच, जसिंताच्या वळणदार अक्षरात, रचलेली पापं. मलाही एक मिळाली. 'मी फादरांच्या झाडाचे आंबे काढले आणि त्यांनाच विकले.' मला हसू आलं आणि मी ते दाबलं.

मग जसिंता बोलली.

आवाज जाडसर होता, वापरात नसल्यासारखा. मुलं एकदम गप्प झाली. मेबल तर आ वासून बघत राहिली.

"हे खरं कन्फेशन नाही," जसिंता म्हणाली. "हा सराव आहे. चिठ्ठीत आहे तेच सांगायचं. खरं पाप कुणी सांगायचं नाही. खरं फक्त उद्या, चर्चमध्ये, फादरांना. ते कुणाला सांगत नाहीत. त्यांना सांगताच येत नाही." ती थांबली. तिने फळ्याकडे बोट केलं. "इथे सांगितलेलं बाहेर जातं. म्हणून इथे खरं सांगायचं नाही. कळलं?"

"हो ताई," चाळीस आवाज आले.

"रेघेच्या पुढे एकानेच यायचं. बाकीच्यांनी गाणं म्हणायचं, म्हणजे ऐकू जाणार नाही."

जसिंता फळ्याआड खुर्चीवर जाऊन बसली आणि मुलं गाणं म्हणू लागली. पहिला मुलगा रेघ ओलांडून गेला. मी बाकावर बसल्या बसल्या त्या रेघेकडे बघत राहिले.

दोन वर्षांपूर्वीचा सराव मला आठवला. मी या वर्गात फळ्याआड बसले होते. मुलांना मी काय सांगितलं होतं? "काहीही सांगा, काहीतरी पाप केलंच असेल की!" मुलं रांगेत चिकटून उभी. कुणी म्हणालं शिवी दिली, कुणी म्हणालं पेन्सिल घेतली. जसिंता आली, हात जोडले, आणि जाळीला तोंड लावून अगदी मनापासून सांगू लागली. तिला ते खरं वाटलं होतं. फळ्याआड कोणीही बसो, सांगितलं ते देवाला, असंच समजली होती ती. म्हणाली, पप्पा बोटीवरून आले की आईजवळची माझी जागा जाते, मला आजीकडे झोपायला पाठवतात, म्हणून यंदा पप्पांची बोट येऊ नये अशी मी प्रार्थना केली.

मी काय केलं? मी मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता ते सगळ्या बायांना सांगितलं. नक्कल करून सांगितलं. आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्यातल्या कुणीतरी घरी सांगितलं असेल, घरच्यांनी शेजारी. त्या रविवारी मिस्सा सुटल्यावर बायका जुस्तीनाला विचारत होत्या, "काय गं, कधी येतोय नवरा? पोरीची जागा जाणार म्हणे!" मी तिथे होते. मीही हसले होते. जुस्तीना कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली आणि तिने जसिंताच्या तोंडावर चापट मारली. तोंडावर. हेही मी बघितलं होतं. आणि घरी जाऊन विसरून गेले होते. महिन्याभराने पोर फादरांपुढे मुकी उभी राहिली, तेव्हा मी फादरांना म्हटलं, "हट्टी आहे." देवा रे.

"काय झालं बाई?" सिस्टरांनी हळूच विचारलं. "पाणी पिता? हात वर करा."

मी हात वर केला नाही.

रांग पुढे सरकत होती. सिस्टरांची पाळी आली तेव्हा त्या रेघ ओलांडून गेल्या, गुडघे टेकले आणि ठणठणीत आवाजात सुरू झाल्या, "मी बिशपांच्या गाडीची हवा सोडली..." फळ्याआडून आवाज आला, "सिस्टर, हळू. सगळ्यांना ऐकू जातंय." "माफ करा, फादर," सिस्टर म्हणाल्या आणि कुजबुजायला लागल्या. मुलं गाणं विसरून हसत सुटली.

शेवटी मी. गुडघे टेकताना हाडं वाजली. जाळीच्या पलीकडे तिचा कान दिसत होता. कानात सोन्याची बारीक कडी. मागे मुलं गाणं म्हणत होती.

"शेवटचं कन्फेशन केव्हा केलं?" तिने शिकवल्याप्रमाणे विचारलं.

"ईस्टरला. पण एक राहिलं. दोन वर्षांपूर्वीचं." मी चिठ्ठी मुठीत चुरगळली. "एका मुलीने मला विश्वासाने एक गोष्ट सांगितली. मी ती चारचौघांत सांगितली. हसण्यासाठी."

कान हलला नाही. मग अगदी हळू, "बाई, चिठ्ठीतलं सांगा. खरं नाही सांगायचं."

"नाही जसिंता. खरंच सांगते. त्या मुलीला त्यापायी मार बसला, तिच्या आईला लोक हसले, आणि मी वर त्या मुलीलाच हट्टी म्हटलं. चूक माझी होती. तुझी काही चूक नव्हती. तू खरं सांगितलंस, ते बरोबर केलंस. मी वाईट वागले."

मला वाटलं, झालं, पुन्हा मिटलं ते तोंड, आणि या वेळीही मीच मिटवलं. गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं. माझे गुडघे दुखायला लागले होते, पण उठायची हिंमत नव्हती.

"प्रायश्चित्त सांग मला," मी म्हटलं. "किती वेळा 'नमो मारिया' म्हणू?"

"प्रार्थना नको," ती म्हणाली. मग कानाच्या जागी तोंड आलं. "मी आता एक सांगते. ते कुणाला सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"सिस्टरांना पण नाही. आईला पण नाही."

"नाही. किती दिवस?"

तिने विचार केला. "कायम."

आणि तिने जाळीला तोंड लावून मला ते सांगितलं. चार वाक्यं असतील. सांगून झाल्यावर म्हणाली, "जा आता," आणि मी उठले.

तास सुटल्यावर बायांनी मला घेरलंच. "काय गं सबिना, बोलली म्हणे! तुझ्याशी तर केवढा वेळ कुजबुजत होती! काय म्हणाली?" मी डब्याचं झाकण लावत होते. सहज वर बघितलं, तर दारात जसिंता. हातात हजेरीपट, टेबलावर ठेवायला आलेली. तिथेच थांबली होती.

"काही नाही म्हणाली," मी म्हटलं.

"अगं, सांग ना! आमच्यापासून काय लपवायचं?"

"आंबे चोरले म्हणून मला रागावली. बास?"

जसिंताने हजेरीपट टेबलावर ठेवला आणि गेली. त्या दिवसाच्या वहीत मला काय कळलं ते मी एकाच ओळीत लिहिलं, की सरावाला रेघ हवी आणि ती मी कधीच मारली नव्हती. सिस्टरांनी ते वाचलं, खाली सही केली आणि काही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी चर्चमध्ये फादर पास्कोल वेदीपुढे खुर्ची घेऊन बसले. मी खांबाशी उभी. सिस्टर दुसऱ्या खांबाशी. चाळीस मुलं धडाधड पास झाली, मेबलसुद्धा. बाकांवर आया बसल्या होत्या आणि मागे जुस्तीना, हात पदरात घट्ट गुंडाळून. सगळ्यात शेवटी जसिंता.

"हं," फादर म्हणाले. "आमच्या बापा."

काही नाही. फादरांनी माझ्याकडे बघितलं. मग सिस्टरांकडे, कपाळाला आठी घालून. जसिंताही वळली आणि तिने माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. मला कळलं, ती काय विचारतेय. मी नुसती मान हलवली. नाही. कुणालाही नाही.

ती फादरांकडे वळली आणि म्हणू लागली. आधी पुटपुटल्यासारखी, मग जाड, सरळ आवाजात. आमच्या बापा झालं, नमो मारिया झालं, विश्वासांगीकार झाला, पश्चात्तापाची प्रार्थना झाली. फादरांनी न विचारलेलंही एक-दोन म्हटलं. फादरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

"अरे, आवाज आहे की हिला," ते म्हणाले. मग सिस्टरांकडे बघून घसा खाकरला. "तुमचा शुक्रवार... काय ते... चालू द्या."

मी बाहेर येईपर्यंत जुस्तीना घराच्या वाटेला लागली होती. आता तिच्यापुढे दुसरी पंचाईत होती. झगा एकच. मी बाजारात जाऊन पांढरं कापड घेतलं आणि तिच्या दारात उभी राहिले. तिने कापडाकडे बघितलं. मी म्हटलं, "जुस्तीना, ती गोष्ट गावभर माझ्यामुळे झाली." ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. दोन वर्षं ठाऊक आहे." आणि दार उघडं ठेवून आत गेली. मीही गेले. तिने जसिंताचं माप घेतलं, मी कापलं, ती मशीनवर बसली. तासभर मशीनच बोलत होतं. मग ती मान वर न करता म्हणाली, "बाई, बॉबिन संपली. भरून द्या." मी भरून दिली. मुली कन्फेशनला जाऊन आल्या, आणि अंधार पडायच्या आत झगा झाला. हाताला जरा आखूड झाला, घाईत माझंच कापायला चुकलं होतं, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

रविवारी दोघी बहिणी शेजारी शेजारी चालत गेल्या. जसिंता रांगेत सगळ्यात उंच. मी रडले. खूप रडले, नाक ओढत, सगळ्यांसमोर.

सिस्टर बेनिग्नांची तीन वर्षांनी बदली झाली. जाताना मी त्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, माझ्यामुळे झालं ते?" त्या म्हणाल्या, "मला कुठून माहीत असणार? मी नगरची. पण बाई, तुम्ही 'काही नाही झालं' लई पटकन म्हणालात." त्यांच्यानंतरच्या मुख्याध्यापिकांनी शुक्रवार सरळ करून टाकला. मी निवृत्त होईपर्यंत माझ्या वर्गात तो उलटाच ठेवला आणि सरावाला रेघ मारत राहिले.

जसिंताने सांगितलेलं मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याने मरेपर्यंत विचारलं. सुरुवातीला चेष्टेने, मग रुसून. "मी कुठे गावभर करणार आहे?" म्हणायचा. बायांनी वर्षभर टोचलं आणि नाद सोडला. मला सांगावंसं वाटलं नाही असं नाही. माझी जीभ मला ठाऊक आहे. कित्येकदा अगदी दातांपर्यंत आलं आणि मी चहाचा घोट घेऊन आत ढकललं.

मागच्या डिसेंबरात ती मला भेटायला आली. नाशिकला एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. केस पांढरे होऊ लागलेत, आवाज तसाच जाड. माझ्याकडचे रव्याचे लाडू खात आरामात बसली होती. म्हणाली, तिच्या शाळेतही ती शुक्रवारी बाकावर बसते, आणि गुडघे दुखतात. मग एकदम म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी तुम्हाला फळ्याआडून काहीतरी सांगितलं होतं. आठवतं?"

"आठवतं."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाही."

ती हसली. लाडवाचा चुरा ओंजळीत गोळा करत म्हणाली, "गंमत बघा, काय सांगितलं होतं ते मलाच आता आठवत नाही. किती वेळा डोकं खाजवलं. आता तरी सांगा ना, काय म्हणाले होते मी?"

खरंच विसरली होती की परीक्षा घेत होती, तिचं तिला ठाऊक. मी तिच्या बशीत आणखी एक लाडू ठेवला.

"नाही सांगणार," मी म्हटलं. "तू कायम म्हणाली होतीस."